खडीचं चिलखत

अमेरिकेतल्या ट्रॉयजवळच्या म्युझियममध्ये आसावरी तिकिटाच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढचे मराठी काका-काकू भिंतीवरचा महायुद्धातल्या एका ट्रकचा फोटो बघत होते.

काका सांगत होते, "इंग्रजांना रणगाडे कमी पडले, म्हणून विमानतळ राखायला मालाच्या ट्रकची चॅसी, म्हणजे नुसता चाकांवरचा सांगाडा घेतला, वर लाकडी पेटी ठोकली आणि दुहेरी फळ्यांमध्ये खडी भरली. झालं चिलखत!"

"मग शत्रू आला?" काकूंनी विचारलं.

"नाही आला."

"मग एवढं ओझं कशाला वाहिलं?"

"आला असता म्हणजे?"

"तुमचेच भाऊबंद! माझ्या डिकीत तांदळाची दोन पोती टाकून ठेवलीत."

"स्नोमध्ये गाडी घसरत नाही त्यानं."

"अहो, जून लागला!"

"काढलीस?"

"काढते कशाला? ब्रेक मारला की मागून धप्प आवाज येतो. तुम्हीच मागे बसलायत असं वाटतं."