दाजींचं नाव पानावरून उतरतं

मंडळी, ऐका! रस्त्यात कुणी आपल्याला वाट विचारली, तर आपण त्याला कुठं धाडतो? त्याला जायचंय तिथं, की आपल्याला सोयीचं तिथं? घाईनं उत्तर देऊ नका. माना तर आत्ताच डोलायला लागल्या! आधी कथा ऐका.

सेलू गावात रंगनाथ मिस्त्री नावाचा एक गृहस्थ. बाजाची पेटी दुरुस्त करायचा. त्यातही भात्याचं काम – म्हणजे पेटीत हवा भरणारा चामडी पडदा फाटला की शिवून, चिकटवून असा करायचा, की फुंकर बाहेर जाईल तर शपथ! पण गिऱ्हाईक येईना. दसऱ्यापर्यंत काम आलं नाही तर दुकानाचं शटर ओढायचं आणि बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या, कीटकनाशकांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं ठरलेलं. पेटीवाला माणूस ढेकणाच्या औषधावर बसणार! बघा, काय वेळ येते.

म्हणून त्यानं इंटरनेटवर स्वतःचं पान उघडलं. भाता का गळतो, कसा ओळखायचा, सगळं नीट लिहिलं. झालं! तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन –

"रंगनाथ, पान बघितलं. आमचं नाव कुठाय?"

"दाजी, ते पेटीचं पान आहे हो."

"असू दे की! लग्नाच्या पत्रिकेत मामांचं नाव घालतोस, तेव्हा मामा नवरदेव असतात का?"

घातलं नाव! आता दाजींचं घातलं, म्हणून मावसभावाचं पोळीभाजी केंद्र आलं. ते आलं, म्हणून चुलत्यांचं मंगल कार्यालय आलं. पत्रिका छापावी तशी एकोणसाठ नावं, प्रत्येकापुढं निळ्या अक्षरांत 'इथे दाबा'. कशासाठी दाबा? कुणाला ठाऊक! मान राखला ना, बस्स.

पण मंडळी, मोबाइलमध्ये आपण ज्याला विचारतो ते शोधयंत्र मानपान जाणत नाही. ते एवढंच बघतं – हे पान कशाबद्दल, ते कुणाकडं बोट दाखवतं, आणि त्याच्याकडं कोण बोट दाखवतं. त्याला हे पान पेटीचं की पोळीचं, तेच कळेना! पान गेलं मागं. इतकं मागं, की रंगनाथला स्वतःला सापडेना.

एकीला मात्र सापडलं. पाथरीच्या भजनी मंडळाच्या पद्मिनबाई. सकाळीच फोन!

"मिस्त्री का? अहो, आठ दिवसांवर सप्ताह आलाय. पेटीचे तीन स्वर बसलेत. तुमच्या पानावर 'इथे दाबा' दाबलं, तर पोळीभाजी! दुसरं दाबलं, तर ढेकणाचं औषध! आमच्या मंडळात ढेकूण आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

रंगनाथ शरमला. आणि त्याहून वाईट म्हणजे, स्वरांचं काम त्याला येत नव्हतं! ते येत होतं मानवतच्या नागोरावांना – त्याचा जुना भागीदार. अकरा वर्षं बोलणं नाही. 'आणा, बघतो' एवढं म्हटलं की दसऱ्याआधी गिऱ्हाईक हातात. कोण विचारणार होतं? तुम्ही काय म्हणाला असता? – नका सांगू, देवासमोर बसलाय.

रंगनाथ म्हणाला, "बाई, मी भात्याचा माणूस. पेटी नागोरावांकडं न्या. त्यांच्यासारखा कान माझा नाही."

फोन ठेवला आणि पान साफ करायला बसला. बायको मागून म्हणाली, "दाजी रुसतील हं."

"रुसू देत. येणाऱ्याची पायपीट होतीय."

एकोणसाठ गेली. त्यांच्या जागी आली दोन. एक, चांगलं चामडं देणाऱ्याचं. दुसरं, स्पष्ट शब्दांत – 'स्वर बिघडले असतील तर मानवतचे नागोराव'. हे दुसरं टंकायला त्याला सगळी दुपार लागली!

सप्ताह झाला, पेटी गायली. पद्मिनबाईंनी मंडळाच्या पानावर लिहिलं – 'भाता फाटला तर सेलूचे रंगनाथ मिस्त्री. येत नाही ते येत नाही म्हणून सांगतात.' ते वाचून परभणीच्या, जिंतूरच्या मंडळांनी आपापल्या पानावर त्याची वाट दाखवली. कुणी मागितली नव्हती. शोधयंत्रालाही कळलं, की हा भात्याचा माणूस. हळूहळू पान वर आलं. दसऱ्याला शटर उघडं होतं आणि ओट्यावर तीन पेट्या.

दाजी सोनं द्यायला आले नाहीत. चौथ्या दिवशी आले. चहा पिऊन, खाकरून म्हणाले, "तुझं पान बरंच वर दिसतंय. आमच्या पानावर तुझं नाव टाकू का?"

"दाजी," रंगनाथ शांतपणे म्हणाला, "ढेकणांनी कुणाचा भाता कुरतडला असेल, तर जरूर टाका."

तर मंडळी, आज घरी जाऊन आपापलं पान उघडा. प्रत्येक निळ्या अक्षरापाशी थांबा आणि विचारा – इथून गेलेला माणूस मला दुवा देईल की शिव्या? परवा मी आपल्या देवस्थानाच्या पानावर 'दर्शनाची वेळ' दाबलं. अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फोटो उघडले. अध्यक्ष समोरच बसलेत. माझी काही तक्रार नाही. दर्शन झालं! आता टाळ उचला, देवाचंही घेऊ.