नुसती मिश्री

मिरजेच्या दवाखान्यात सोमवारचा उपवास धरून बसलेल्या इंदुताईंच्या कानावर शेजारच्या सासूसुनेचं बोलणं पडत होतं.

“आत्ती, तोंडाला तंबाखूचा वास कसला?”

“मिश्री लावली गं जरा.”

“आवं, ऑपरेशन हाय आज, उपाशी ऱ्हायला सांगितलंया! मागल्या खेपेला चहा प्यालासा म्हणून माघारी धाडलं नव्हं?”

“म्हणून तर चहा सोडला. नुसती मिश्री लय कडू लागली बग. चहासंगं तरी बरी लागती.”

“गालातली गाठ तिच्यानंच झालीया, आत्ती.”

“उपासाला चालती की मिश्री.”

“आता इचारलं तर न्हाई म्हणा. मला पुन्ना रजा न्हाई मिळायची.”

नर्स आली. “आजी, सकाळपासून तोंडात काही घातलं?”

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं.

“तूच सांग बाई. उपास धरून मला खोटं बोलवंना.”