टोपीएवढी उंची

नामिबियातल्या ओकाहांजा गावात जुन्या गाड्यांच्या दुकानात वेमुना टायर बदलून मिळायची वाट पाहत बसली होती. गुरांच्या शिंगांसारखी दोन टोकं असलेली तिची हेरेरो बायकांची टोपी मांडीवर होती, कारण तिच्या गाडीत ती घालून बसताच येत नसे. समोर एक म्हातारं जोडपं विक्रेत्याबरोबर गाड्या पाहत होतं; म्हातारीच्या डोक्यावरही तशीच टोपी होती. वेमुनानं कान टवकारले.

"ही गाडी घेऊ," म्हातारा म्हणाला. " बुटकी गाडी उलटत नाही."

"आपली काय उंचीमुळे उलटली? कोरड्या नदीत वासरामागे कोणी पळवली होती?"

"ते वासरू काय माझ्या एकट्याचं होतं?"

"गाडीसुद्धा नव्हती. भाऊ, दार उघडा जरा. बघा, टोपी अडकली."

"मग काढून ठेव की."

"आणि लोकांच्या दारात उघड्या डोक्यानं उतरू?"

"अगं, जीव मोठा की टोपी?"

"बरं झालं, जिवाचं काढलंत. त्या दिवशी छत दोघांच्याही डोक्यावर आदळलं. टाके कोणाला पडले?"

म्हातारा टकलावरचा व्रण चाचपत विक्रेत्याकडे वळला.

"भाऊ, ती पलीकडची उंच गाडी दाखवा."

"आजोबा, ती तेल फार पिते."

"पिऊ दे. चालवणार ही आहे."

"मी? आणि तुम्ही?"

"मी शेजारी बसेन. घरात तुझी एखादी जुनी टोपी असेल ना?"

"ताई, टायर झाला!" आतून हाक आली.

"थांब रे जरा," म्हणत वेमुनानं टोपी डोक्यावर चढवली आणि ती त्या उंच गाडीकडे निघाली.