मोहाखाली रातीले कोण येते

आठवलं का अजूनबी डोकं तापते, बाई. लग्न होऊन आली तवापासून त्याच झाडाखाली मोहफुलं वेचून राह्यली. रोज पहाटे पाहावं तं अर्धी फुलं कोणतरी खाऊन गेलेलं. कोण, ते कधी दिसलंच नाई. औंदा जंगलाच्या गार्डनं झाडासमोर रातीचे फोटो काढाचा कॅमेरा बांधला. म्हटलं, "भाऊ, कोण येते ते एकडाव दाखव."

तो हासला. "बुढीमाय, या वयात पाहून काय करशीन?"

मंग कवा पाहू, मेल्यावर?

त्याच सांजेले कॅमेऱ्याले जुनं लुगडं गुंडाळून आली. सकाळी गार्ड घरी पळत आला. "काऊन झाकला? रातभराचं काहीच नाई दिसलं."

म्हटलं, "तुले एका रातीचं नाई दिसलं तं जीव खालवर होते. माहा तं जनम गेला. बस इथी, अन् आधीच्या रातींचे फोटो दाखव. मंगच लुगडं काढीन."