तुळशीतलं गाजरगवत

मंडळी, एक प्रश्न विचारते. कुलूप लावलेल्या फाटकामागे तण माजलं, तर ते तण कोणाचं? मालकाचं? बघा, माना कशा पटापट हलल्या! थांबा! इंदुताई ढमढेऱ्यांचीही अश्शीच हलायची!

या इंदुताई कासारगल्लीतल्या. शेजारी टेकवड्यांचा मोकळा प्लॉट. टेकवडे अकरा वर्षांपूर्वी परगावी गेले. फाटकाला कुलूप, आत कमरेएवढं गाजरगवत! आणि इकडे इंदुताईंचे यजमान आबा – अंगभर खाज, डोळे सुजलेले! डॉक्टर म्हणाले, "त्या गवतानं होतंय. ते तरी काढा, नाहीतर आबांना इथून हलवा." मग काय? आबांची रवानगी लेकीकडे! बॅग भरताना म्हणाले, "बेचाळीस वर्षं तुझ्या हातचा चहा प्यायलो. आता गवत ठरवणार होय, मी चहा कुठं प्यायचा ते?"

इंदुताईंनी टेकवड्यांच्या नावानं गल्लीभर शंख केला.

आणि मग – ऐका हं! – एका सकाळी तुळशीला पाणी घालताना बघतात तर काय? बुंध्याशी गाजराच्या पाल्यासारखं इवलंसं रोप! गाजरगवत! अंगणात कुठ्ठे नाही, नेमकं तुळशीतच! आलं कसं?

चैन पडेना. गेल्या समोर. "शालन, तुझी तुळस दाखव गं."

"का? तिला काय सोनं लागलंय?"

सोनं कुठलं – तेच रोप! पुढच्या घरी? तेच! गल्लीच्या पार टोकाला? तिथंही तुळशीतच!

आता तुम्हीच सांगा, या सगळ्या तुळशींत सारखं काय होतं? ... काय म्हणालात आजी? खत! अगदी बरोबर! देवळानं निर्माल्याचं खत घरोघर वाटलं होतं, प्रसाद म्हणून. इंदुताई तरातरा देवळात!

गुरवकाकांनी खड्डा दाखवला. "यात बाहेरचं काही नाही हो ताई. सप्ताहाचे हार, तेवढेच. ती नाजूक पांढरी फुलं नव्हती का कमानीला? काय शोभा आली होती!"

ती फुलं आणली कोणी? इंदुताईंनीच! डॉक्टरांनी गवताचं नाव घेण्याआधी, टेकवड्यांच्या फाटकाच्या गजांतून हात घालून, टोपलीभर! गवताचं बी देवाच्या कमानीवर, कमानीवरून खड्ड्यात, खड्ड्यातून तुळशीत!

संध्याकाळी आरतीला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टेकवड्यांना शिव्या दिल्या, पण तुमच्या घरात हे मी आणलं."

मग शालन म्हणाली, "आणि ओवली कोणी? आम्हीच की!"

लगेच टेकवड्यांना फोन. "किल्ली पाठवा हो!"

"किल्ली कशाला? कुलूप नुसतं अडकवलंय!"

अकरा वर्षं, मंडळी! कोणी ओढूनसुद्धा पाहिलं नव्हतं!

हातमोजे घातले, तोंडाला फडकी बांधली, गल्ली आत शिरली. मुळासकट उपटलं. पावसानं परत उगवलं, फुलायच्या आत परत उपटलं. तिसऱ्या खेपेनंतर आबा आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "साखर कमी पडलीय." इंदुताई रडता रडता हसल्या!

तर आता माझा प्रश्न पुन्हा. तण कोणाचं? उत्तर नको. जरा मागे वळा. आपल्या मंडपाची कमान बघा. झेंडूच्या मधेमधे ती पांढरी, नाजूक फुलं... दिसली?

हात वर करू नका, कोणी आणली ते मी विचारणार नाही! उद्या सकाळी सातला हातमोजे घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या प्लॉटवर या. माझी शाळा अकराला आहे, तोवर मीही उपटते. आणि हो – जाताना तेवढी कमान उतरवा, देव रागावणार नाही. त्याचं नाव घ्या, आणि कामाला लागा!