घंटा वाजली नाही, पेटी गार पडली

तीन आठवड्यांमागे, बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तालुक्याच्या दवाखान्यात एक काचपेटी गार पडली. आत चार दिवसांचं बाळ, वजन दीड किलो. धोक्याची घंटा वाजली नाही!

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न एवढाच — आपली चूक जो दाखवतो, तो आपला कोण? वैरी की उपकारकर्ता? थांबा, आत्ताच माना डोलवू नका!

मार्था वळवी तिथल्या नर्स. लंगोट बदलायला त्यांनी पेटीची झडप उघडली, अर्ध्या मिनिटात लावली. दहा मिनिटांनी काचेला हात लावतात तर — गार! बाळ उचललं, आईच्या छातीशी बांधलं, आणि पेटी बनवणाऱ्यांना फोन.

पलीकडे श्रीरंग टिळेकर. पेटीचा प्रोग्राम यांचाच, सी भाषेतला. म्हणाले, "सिस्टर, घंटा वाजली का?"

"नाही."

"मग हीटर बंद झालाच नसणार!"

"साहेब, माझ्या हाताला गार लागतं ते घंटेला विचारून लागत नाही!"

वा सिस्टर! वाजवा टाळ!

टिळेकरांनी काय केलं होतं? झडप दोन मिनिटांहून जास्त उघडी राहिली, तर दोन कामं व्हायची — घंटा वाजव, हीटर बंद कर. या दोन वाक्यांना त्यांनी एक टोपणनाव दिलं. त्याला म्हणतात मॅक्रो. नाव लिहा, यंत्र तिथे दोन्ही वाक्यं चिकटवतं. सोय झाली की नाही?

शेजारच्या टेबलाशी त्यांच्या सहकारी, शकिला मुजावर. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "टिळेकर, मॅक्रोत वाक्यं किती?"

"दोन."

"आणि तुमचा 'जर' बांधतो किती?"

एकालाच, मंडळी! कारण कंस नसला की 'जर' फक्त पहिल्या वाक्याला बांधतो. घंटा अटीत राहिली. हीटर सुटला मोकळा — ही तपासणी झडप उघडली की सुरू होते, म्हणून झडप उघडली रे उघडली की हीटर बंद! आणि एकदा बंद झाला, की बटण दाबेपर्यंत बंदच.

तपासलं नव्हतं का? तपासलं होतं ना! दर वेळी दोन मिनिटांच्या वर झडप उघडी ठेवून. घंटा वाजली, हीटर बंद — पास! अर्ध्या मिनिटात झडप लावून कुणी पाहिलंच नाही.

"वापरतो तिथे कंस टाकतो," टिळेकर म्हणाले.

"आज तुम्ही टाकाल. उद्या नवा माणूस येईल, त्याला काय ठाऊक आत दोन वाक्यं आहेत? गाठ आतूनच मारा."

नुसते कंस आत घातले तर? पुढे 'नाहीतर' आला की टोपणनावामागे टाकलेला अर्धविराम मध्ये आडवा येतो, प्रोग्राम तयारच होत नाही. म्हणून दोन्ही वाक्यं 'डू' आणि 'व्हाइल शून्य' यांच्यामध्ये बांधली. हे चक्र आहे मंडळी, पण एकदाच फिरतं — 'शेवटचं पद' म्हणत चार गाणाऱ्या आम्हा कीर्तनकारांसारखं नाही! तो अर्धविरामही त्यात गुमान बसतो. आता अट लागली तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही!

टिळेकर स्वतः दवाखान्यात गेले. हात जोडले. मार्था सिस्टर म्हणाल्या, "हात नंतर जोडा. बाकीच्या पेट्यांचं काय?"

हाच तो उपकार! मंडळी, तुम्हाला कुणी म्हणालं, "इथे गार लागतंय" — तर तुम्ही काय विचारता? "घंटा वाजली का?" घरी सून सांगते, कामावर हाताखालचा सांगतो — त्यांचा हात बघा आधी! आणि आभार माना, तोंड वाकडं न करता.

बाळ काल घरी गेलं, एक किलो आठशे. त्या आनंदाचं हे कीर्तन, यजमान टिळेकर. त्यांचा पाट रिकामा दिसतोय ना? बेचाळीस पेट्या बाहेर गेल्या होत्या. एक्केचाळीस दुरुस्त झाल्या. शेवटची घाटापलीकडच्या दवाखान्यात आहे हे आजच कळलं, आणि पेटी वापरू नका म्हणावं तर तिथला फोन दुपारपासून लागत नाही. टिळेकर चार वाजता निघाले. सव्वासहाला मुजावरबाईंचा निरोप आला — घाटात आहेत, अजून पोहोचले नाहीत.