लपवलेली कात्री

हर्नियाच्या ऑपरेशनचा संमतीचा फॉर्म टेलरमास्तरांच्या मांडीवर सकाळपासून तसाच पडून होता. पेन पुढे करून करून लेक थकली होती. मागच्या बाकावर एक मावशी आणि तिची भाची बोलत होत्या.

“तुझ्या काकांच्या हर्नियालाही पोटात जाळी बसवणार म्हणे. पोट आहे की खिडकी?”

“मावशी, तसलीच जाळी आमच्या कारखान्यात होते. धुवायचं काम माझ्याकडे असतं.”

“नवीकोरी जाळी धुवायची कशाला?”

“विणताना धाग्याला तेल लावतात. ते पोटात जायला नको.”

“आणि आत जाऊन आकसली म्हणजे? माझी नवी साडी पहिल्याच धुण्यात वीतभर आखडली.”

“म्हणून तर धुतल्यावर चौकटीवर ताणून भट्टीत तापवतो. काय आकसायचं ते तिथेच आकसू दे. कापायची त्यानंतर.”

“घाई असली की कोण बघतंय एवढं?”

“मी बघते ना! परवा साहेब म्हणाले, हा तागा तसाच कापा. मी कात्रीच लपवली.”

मास्तर गर्रकन मागे वळले.

“कुठे लपवलीस गं?”

“बाहेर, चपलांच्या कपाटात. का हो आजोबा?”

“काही नाही. मालक न भिजवलेलं कापड कापायला लावायचा, तेव्हा मी मशीनखाली लपवायचो.”

मग त्यांनी लेकीपुढे हात केला.

“आण ते पेन.”